पायातला काटा आणि प्लेगाची गाठ

मंडळी, आपल्या बालाघाटाच्या माळावर अनवाणी फिरलेल्या माणसाला बाभळीच्या काट्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. काटा मोडतो, टोक आत राहते. दुसऱ्या दिवशी जागा लाल होते, गरम लागते, ठणका सुरू होतो. तिसऱ्या दिवशी पू धरतो. काटा रुतलेला असतो तळपायात, पण जांघेत मात्र सुपारीएवढी गाठ येते. घरातली म्हातारी हात लावून पाहते आणि म्हणते, "अवधाण आलंय, पाय पिकलाय कुठंतरी." पुढे पोटीस बांधतात, पू वाहून जातो, काट्याचे टोक बाहेर पडते आणि गाठही बसते.

म्हातारीचे निदान अचूक असते. पाय आणि जांघ यांचा काही तरी संबंध आहे, हे आपल्या लोकांना कितीतरी पिढ्यांपासून ठाऊक होते. पण हा पू म्हणजे काय? ही गाठ कशाची? या साध्या प्रश्नांची उत्तरे मिळाली ती गेल्या दीडशे वर्षांत. मी इतिहासाचा माणूस, वैद्यकाचा नव्हे. तरीही ही गोष्ट सांगायला उभा राहिलो, कारण तिचा एक धागा इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघून मुंबईच्या भायखळ्यात आला आणि पुढे आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यापर्यंत पोहोचला.

साल १८८२. एली मेचनिकॉफ नावाचा एक रशियन प्राणिशास्त्रज्ञ ओडेसा विद्यापीठातील नोकरी सोडून सिसिली बेटावरच्या मेसिना गावी येऊन राहिला होता. एके दिवशी घरची माणसे सर्कशीतली माकडे पाहायला गेली. हा एकटाच घरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. समोर होती तारामाशाची पिल्ले. काचेसारखी पारदर्शक, म्हणून शरीरात काय चालले आहे ते आरपार दिसे. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे सरपटताना त्याला दिसल्या. मनात आले, या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूवर धावून जात असतील काय? बागेतल्या गुलाबाचे बारीक काटे काढून त्याने त्या पिल्लांच्या अंगात टोचले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो काय, काट्याभोवती पेशींनी गर्दी करून वेढा घातलेला!

आपल्या तळपायात जे घडते, तेच मेचनिकॉफने डोळ्यांनी पाहिले. या पेशींना पुढे भक्षक पेशी असे नाव पडले. जंतूला मिठी मारायची, पोटात घ्यायचे आणि पचवून टाकायचे, हा त्यांचा धर्म. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी यांच्याच गोतातल्या. आणि पू म्हणजे तरी काय? जंतूंशी झुंजून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग, त्यात मेलेले जंतू आणि झिजलेले मांस. पू दिसला की आपण नाक मुरडतो, पण ती एका झुंजीची खूण आहे.

आता या पांढऱ्या पेशी ओळखायच्या कशा? रक्ताच्या एका थेंबात तांबड्या पेशींची एवढी दाटी असते, की साधारण पाचसहाशे तांबड्यांमागे पांढरी एखादीच. शिवाय नावाने पांढरी असली तरी ती खरे तर बिनरंगाची. ही अडचण सोडवली पाउल एर्लिख या जर्मन वैद्याने. कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग त्या काळी बाजारात आले होते. १८८० च्या सुमारास एर्लिखने ते रंग रक्तावर वापरून पाहिले. कोणत्या पेशीने कोणता रंग धरला यावरून त्यांच्या जाती निराळ्या पडल्या. पुढे १९०१ साली विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरने अशाच रंगांचे एक सोयीचे मिश्रण तयार केले. लीशमनचा रंग आजही आपल्या तालुक्याच्या गावातील रक्त तपासणीच्या खोलीत बाटलीत भरून ठेवलेला असतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, एखाद्या प्रयोगशाळेत ओळख असेल तर मुलांना घेऊन जा आणि हे एकदा दाखवा. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पातळ पसरायचा, सुकला की रंग चढवायचा. मग पाच प्रकारची मंडळी दिसतात.

पहिली न्यूट्रोफिल. हिच्या पोटातला जांभळा गाभा दोन ते पाच तुकड्यांत विभागलेला, बारीक दोऱ्याने जोडल्यासारखा. शंभर पांढऱ्या पेशींत चाळीस ते पंचाहत्तर हीच. हाक आली की सर्वांत आधी धावणारी, आणि आयुष्य मोजके. दुसरी लिम्फोसाइट. लहान, गोल, गाभ्याने जवळजवळ सगळी जागा व्यापलेली. शंभरात वीस ते पंचेचाळीस. तिसरी मोनोसाइट, आकाराने सर्वांत मोठी, गाभा घेवड्याच्या दाण्यासारखा वाकलेला. रक्तातून बाहेर पडून ती मांसात ठाण मांडते आणि मोठी भक्षक पेशी बनते. चौथी इओसिनोफिल, नारिंगी दाण्यांनी भरलेली. पोटात जंत झाले किंवा दमा, पित्त यांसारखी वावडी उठली की ती वाढते. पाचवी बेसोफिल, गर्द निळ्या दाण्यांची, शंभरात एखादी, कित्येकदा तीही नाही.

शाळेत पाठ करायला एवढे पुरे. पण त्या काळच्या विद्वानांत यावरून मोठे भांडण जुंपले होते. मेचनिकॉफचा पक्ष म्हणे, रोगाशी लढतात त्या पेशी. जर्मन पक्ष म्हणे, छे, लढतो तो रक्ताचा पातळ रस. १८९० साली बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले होते, की धनुर्वात झेललेल्या जनावराच्या रक्तरसात विषाला उतारा तयार होतो. मग खरे कोण? दोघेही! १९०३ साली आल्मरॉथ राइट आणि त्याचा सहकारी डग्लस यांनी दाखवले, की रक्तरसातील द्रव्ये जंतूला चिकटली की भक्षक पेशी त्याला चटकन गिळते. भाकरी कोरडी असली तर घशाखाली उतरत नाही, कोरड्यास असले की उतरते, तसे म्हणा. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि एर्लिख, दोघांना मिळून देण्यात आले.

हा झाला परदेशचा भाग. आता मुंबईला या.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात गोदामांतून उंदीर मरून पडू लागले आणि माणसे काखेत, जांघेत गाठी येऊन तापाने मरू लागली. हा प्लेग आहे, असे प्रथम ओळखले मूळच्या गोव्याच्या डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी. शहर रिकामे होऊ लागले. सरकारने कलकत्त्याहून एका माणसाला बोलावून घेतले. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. हा ओडेसाचा ज्यू तरुण मेचनिकॉफचाच विद्यार्थी. गुरूपाठोपाठ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला, १८९२ साली पटकीची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचत फिरत होता.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला बसायला जागा मिळाली आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. त्याने शेळीच्या मांसाचा रस काढून त्यात प्लेगाचे जंतू वाढवले. आणि गंमत पाहा, रसावर तरंगायला त्याने सोडले तुपाचे थेंब! तुपाच्या थेंबाला धरून जंतूंचे लोंबते झुपके खाली वाढत. झुपके हलवून पाडायचे, नवे वाढू द्यायचे. अखेर सारे तापवून जंतू मारायचे, की झाली लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप चढला, अंग दुखले, पण धोका झाला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार असलेल्या कैद्यांना लस टोचली. ज्यांनी टोचून घेतली त्यांच्यात प्लेग कमी झाला.

लस टोचल्याने होते काय? मेलेला जंतू पाहून शरीरातील पेशी शत्रूचा चेहरा ओळखून ठेवतात. ही ओळख ठेवणारी पेशी म्हणजे ती लहान, गोल लिम्फोसाइट. हाफकिनच्या काळी तिचे काम कोणालाच नीट कळले नव्हते. ते उलगडले १९६० च्या आगेमागे. काही लिम्फोसाइट प्रतिद्रव्ये तयार करतात, काही रोगट पेशींना मारतात, काही इतरांना कामाला लावतात, आणि काही वर्षानुवर्षे आठवण धरून राहतात. देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा देवी येत नाहीत, हे आपल्या आजीला माहीत होते. कारण ती आठवण.

आणि जांघेतली गाठ? ती लिम्फोसाइटांच्या राहण्याची जागा. पायातून आलेला रस तिथे गाळला जातो आणि जंतू अडवले जातात. काटा रुतला तर तिथे अवधाण येते. पण प्लेगाचा जंतू लबाड. पिसू पायाला चावते, भक्षक पेशी जंतूला गिळते, पण हा तिच्या पोटात मरत नाही, तिथेच वाढतो आणि तिच्यावर स्वार होऊन गाठीपर्यंत जातो. संरक्षकाच्याच गाडीत बसून चोर वाड्यात शिरावा, तसे. म्हणून प्लेगाची गाठ अवधाणासारखी आपोआप बसत नाही.

लस सापडली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. लोकांचा विश्वास लागतो. १८९७ साली पुण्यात रँडच्या अमलाखाली सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, माणसांना ओढून नेले. त्या जुलमाचा संताप चापेकर बंधूंच्या पिस्तुलातून बाहेर पडला. त्याच पुण्यात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोगी पोहोचवीत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथ एकच, आणि माणसाशी वागण्याच्या रीती दोन. लोकांनी कोणती मनात जपली हे तुम्हांला सांगायला नको.

खुद्द हाफकिनलाही विश्वास तुटण्याची किंमत मोजावी लागली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला दूर केले. पुढे निष्पन्न झाले ते असे, की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी बाजू मांडल्यावर १९०७ साली तो दोषमुक्त झाला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. एक धुळीत पडलेला चिमटा एका माणसाची पाच वर्षे खाऊन गेला, आणि लसीवरचा किती लोकांचा विश्वास! गावात सुई टोचणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आपल्या मुलखातही जुनी माणसे "प्लेगाच्या सालात" अशी वर्षे मोजत. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, रानात खोपी घालून राहायचे. पिसवांपासून दूर जाण्याची ती रीत शहाणपणाचीच होती. आणि हे फार जुनेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला वर्षही झाले नव्हते, तोच ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर मरू लागले, पिसवा झाल्या आणि गाठीचा ताप आल्याची वार्ता आली. पुढच्या महिन्यात सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगाची बातमी येऊन देश हादरला. पण १८९७ ची पाळी आली नाही. गोळ्या मिळाल्या, फवारणी झाली. आज प्लेगावर भरवसा हाफकिनच्या जुन्या लसीवर नसून वेळेवर दिलेल्या औषधावर आणि उंदीर-पिसवांच्या बंदोबस्तावर आहे. जुने हत्यार बदलले, तरी जंतू ओळखून वागण्याची रीत तीच राहिली.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हल्ली ताप आला की रक्ताचा कागद हातात येतो. मोठ्या माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. आकडा वाढला म्हणून घाबरून दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नका. पेशी वाढल्या याचा अर्थ शरीराने राखण वाढवली आहे, एवढाच बहुधा असतो. कोणती पेशी वाढली आणि कशासाठी, हे डॉक्टरांना वाचू द्या. कमी झाल्या असतील तरी तसेच. आणि लसीच्या दिवशी लेकराला घेऊन जा. त्या लहान, गोल पेशीला शत्रूचा चेहरा आधी दाखवून ठेवायचा, तो याच वयात.

पुढच्या वेळी शेतात काटा मोडला आणि जांघेत अवधाण आले, तर काटा काढा, जखम धुवा, धनुर्वाताची सुई घ्या. आणि पोराने विचारले, "गाठ कशाची हो आबा?" तर त्याला मेसिनाच्या त्या सकाळची गोष्ट सांगा. गुलाबाचा काटा असो की बाभळीचा, त्याच्याभोवती जमणारी मंडळी एकाच गोतातली आहे.