रम बार्बाडोसची, मुरली फ्रान्समध्ये! बेटाच्या नावावरून नेमका वाद काय आहे?

29 जून 2024 ची ती मॅच कोण विसरेल? भारताने दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून टी-20 विश्वचषक जिंकला आणि रोहित शर्माने खेळपट्टीवरचं गवत तोंडात घातलं. ते मैदान म्हणजे ब्रिजटाऊनचं केन्सिंग्टन ओव्हल. ब्रिजटाऊन ही बार्बाडोस या देशाची राजधानी, गारफिल्ड सोबर्स यांचं गाव.

हा देश आहे केवढा? साधारण 430 चौरस किलोमीटर. आपल्या राज्याचं क्षेत्रफळ 358 तालुक्यांत सारखं वाटलं, तर एका तालुक्याच्या वाट्याला साडेआठशेच्या वर चौरस किलोमीटर येतं. म्हणजे अख्खा देश आपल्या अर्ध्या तालुक्याएवढा, आणि लोकसंख्या तीन लाखांच्या आत. पण दारूच्या दुनियेत या बेटाचं नाव फार मोठं आहे. रम इथेच जन्मली असं बेटावरचे लोक छाती ठोकून सांगतात. माउंट गे या तिथल्या डिस्टिलरीचा सर्वात जुना कागद 1703 चा आहे. म्हणजे औरंगजेब अजून जिवंत होता आणि इकडे ताराराणी मराठ्यांचा कारभार बघत होत्या, तेव्हाचा.

आता या नावावरूनच गेली काही वर्षं तिथे भांडण पेटलंय. प्रश्न साधा आहे. बाटलीवर "बार्बाडोस" लिहून ती विकायची असेल, तर त्यातली रम बार्बाडोसमध्येच मुरलेली असायला पाहिजे की नको?

मळीपासून रमपर्यंत

साखर पट्ट्यातल्या माणसाला मळी म्हणजे काय हे सांगायला नको. कारखान्यात साखर काढून झाली की जे काळं, चिकट, गोड पाणी उरतं ते मळी. आपल्याकडे त्यातलं बरंचसं आता इथेनॉलला जातं. बार्बाडोसमध्ये याच मळीत यीस्ट घालून ती आंबवतात, भट्टीतून गाळतात आणि निघालेला पांढरा अर्क ओकच्या लाकडी पिंपात भरून ठेवतात. तिथे तो वर्षानुवर्षं मुरतो. रंग येतो तो लाकडाचा, आणि चवीतही लाकडाचा मोठा वाटा असतो. लोणचं घातल्या दिवशी कच्चंच लागतं, खरी चव ते मुरल्यावर येते, तसंच हे.

आणि मुरण्यावर हवेचा परिणाम होतो. बार्बाडोसच्या गरम हवेत पिंपातली रम वर्षाला साधारण 6 टक्क्यांपेक्षा जास्त उडून जाते. फ्रान्सच्या थंड हवेत हेच प्रमाण 2-3 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बेटावर मुरवणं महाग पडतं, पण रम लवकर तयार होते आणि चवही वेगळी येते.

भांडण कुणाकुणात?

बेटावर चार डिस्टिलऱ्या आहेत. उत्तरेकडची माउंट गे. सील घराण्याची फोरस्क्वेअर. ऊसमळ्याच्या जुन्या वाड्यातली सेंट निकोलस ॲबी. आणि चौथी वेस्ट इंडीज रम डिस्टिलरी, समुद्रकिनाऱ्याला लागून, 1893 ची. ही चौथी 2017 साली मेझाँ फेराँ या फ्रेंच कंपनीने विकत घेतली. कंपनीचे मालक अलेक्झांद्र गाब्रिएल. मूळ धंदा कोन्याकचा, म्हणजे फ्रान्सच्या कोन्याक भागात द्राक्षांपासून होणाऱ्या ब्रँडीचा.

या कंपनीचा रमचा ब्रँड होता "प्लांटेशन". पद्धत अशी: रम आधी बेटावर पिंपात मुरवायची, मग जहाजाने फ्रान्सला न्यायची, तिथे कोन्याकच्या पिंपात आणखी एक-दोन वर्षं ठेवायची आणि मग बाटलीत भरायची. काही प्रकारांत थोडी साखरही घालतात, कंपनी ते लपवत नाही. लेबलवर मात्र बार्बाडोस.

बाकीच्या तिघांनी मिळून भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा, मसुदा पुढे आणला. त्यांचं म्हणणं, बार्बाडोस रम म्हणायचं तर मुरवणंही बेटावरच झालं पाहिजे. चौथ्याने सही करायला नकार दिला आणि मानांकनाची गाडी वर्षानुवर्षं अडून राहिली.

इथे अनेकांची गल्लत होते म्हणून सांगतो. हा "परदेशी मालक विरुद्ध देशी मालक" असा सरळ मामला नाही. माउंट गेची मालकीसुद्धा रेमी क्वॉन्त्रो या फ्रेंच कंपनीकडे आहे, 1989 पासून. तरी ती मानांकनाच्या बाजूने उभी राहिली. म्हणजे भांडण मालकाच्या पासपोर्टचं नाही, काम कुठे होतं याचं आहे.

लोकांना शंका का येते?

फोरस्क्वेअरचे रिचर्ड सील हे या वादातले सर्वात बोलके गृहस्थ. त्यांच्या बाजूच्या लोकांचा मुद्दा आपल्याला लगेच कळेल असा आहे. टँकरने कच्चा माल विकणाऱ्याला थोडे पैसे मिळतात, बाटलीवर नाव छापणाऱ्याला जास्त. पिंपांची देखभाल, गोदाम, मिश्रण करणारा जाणता माणूस, बाटल्या, लेबल, बघायला येणारे पर्यटक, ही सगळी कामं जिथे रम मुरते तिथे तयार होतात. रम बाहेर गेली की ही कामंही बाहेर जातात. बेटावर उरतं फक्त नाव, आणि तेही दुसऱ्याच्या लेबलवर.

दुसरा मुद्दा जास्त झोंबणारा आहे. कोन्याकचा फ्रान्समधला नियम काय? ब्रँडी त्याच भागात गाळायची आणि किमान दोन वर्षं त्याच भागात मुरवायची, तरच कोन्याक म्हणायचं. स्कॉचचंही तेच, किमान तीन वर्षं स्कॉटलंडमध्येच. मग आपल्या घरी हा नियम पाळणाऱ्याला बार्बाडोसमध्ये तोच नियम जाच का वाटतो, असं टीकाकार विचारतात. मला तरी या प्रश्नाला समाधानकारक उत्तर वाचायला मिळालेलं नाही.

तिसरं कारण ब्रँडच्या नावातच होतं. बार्बाडोसमध्ये "प्लांटेशन" म्हटलं की हिरवागार ऊसमळा आठवत नाही, गुलामी आठवते. इंग्रज 1627 मध्ये तिथे वसले. पुढच्या वीसेक वर्षांत ऊस आला आणि त्या उसासाठी आफ्रिकेतून माणसं पकडून आणली गेली. 1661 च्या कायद्याने त्यांना मालकाची मालमत्ता ठरवलं. 1834 मध्ये गुलामी कायद्याने संपली तेव्हा या एवढ्याशा बेटावर 80 हजारांहून जास्त माणसं गुलाम होती. अशा ठिकाणी तो शब्द सोनेरी अक्षरांत बाटलीवर छापून "वारसा" म्हणून विकणं लोकांना खटकणारच. 2020 मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड प्रकरणानंतर जगभर आवाज उठला, तेव्हा कंपनीने नाव बदलू असं जाहीर केलं. प्रत्यक्ष नवीन नाव "प्लांटरे" आलं 2024 मध्ये. नाव बदललं, पण मुरवण्याचा वाद होता तिथेच राहिला.

कंपनीची बाजूही ऐकू

कंपनी म्हणते, रम परदेशात मुरवणं ही आमची नवी टूम नाही. पूर्वीच्या काळी पिंपं जहाजात भरून इंग्लंडला जायची आणि लंडन, लिव्हरपूलच्या गोद्यांत वर्षानुवर्षं पडून असायची. हे खरं आहे. त्यांनी जुन्या डिस्टिलरीत आणि भट्ट्यांच्या दुरुस्तीवर पैसा घातला, हेही खरं. पण तेव्हा बेट इंग्रजांचं होतं आणि माल कुठे जायचा हे बेटावरचे लोक ठरवत नव्हते. गुलामगिरीच्या काळातली व्यापाराची रीत आज परंपरा म्हणून दाखवायची का, हा प्रश्न उरतोच.

तिघांचीही एक बाजू लंगडी आहे, तीही सांगितली पाहिजे. बेटावरचा ऊस आता खूप कमी झालाय. पोर्टव्हेल हा एकच साखर कारखाना उरलाय, त्यामुळे रमसाठी लागणारी बरीचशी मळी बाहेरून आणावी लागते. म्हणजे "बार्बाडोस रम"मधला ऊस बार्बाडोसचा असेलच असं नाही. सेंट निकोलस ॲबी स्वतःच्या शेतातला ऊस वापरते, पण ती लहान आहे.

शेजारच्या जमैकाने मात्र निकाल लावला. तिथे 2016 पासून जमैका रमला मानांकन होतं. 2024 मध्ये नियम कडक करून मुरवणं जमैकातच झालं पाहिजे असं ठरलं. विरोधात कोण गेलं? नॅशनल रम्स ऑफ जमैका. तिच्यात सरकारी कंपनीचा वाटा आहे, आणि बार्बाडोसच्या त्याच चौथ्या डिस्टिलरीचाही.

आपल्याकडे काय स्थिती?

गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये जीआय मिळालं. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तरी सीझनमध्ये कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत दिसतोच. कोल्हापुरी गुळाला आहे, चपलेलाही आहे. तरी 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल दाखवली तेव्हा कोल्हापूरचं नाव आधी घेतलं नव्हतं, आरडाओरडा झाल्यावर घेतलं.

एक गोष्ट बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत नसते. वस्तूला जीआय मिळालं म्हणजे तुम्हाला आपोआप मिळालं असं होत नाही. आपल्या कायद्यात प्रत्येक उत्पादकाने चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे "अधिकृत वापरकर्ता" म्हणून स्वतंत्र नाव नोंदवायचं असतं. ही नोंद 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण करता येतं. नोंद असेल तरच पेटीवर जीआयचं चिन्ह लावता येतं, आणि दुसरा कुणी तेच नाव खोटं वापरत असेल तर त्याच्यावर दावाही लावता येतो.