तळटीप १४ : धांड्याचा पंख

१४. ज्वारीच्या धांड्याची साल काढून आतल्या पांढऱ्या भेंडाच्या बैलगाड्या बुलडाण्याकडची पोरं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत; सालीच्या काड्याच खिळ्यांचं काम करतात. लेखकाने आपल्या विमानाचे पंखही भेंडाचेच केले. भेंड हलके खरे, पण साल निघाली की जरा वाकवताच मोडते. बंद सभागृहात रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना म्हणूनच बाल्साचे लाकूड लागते : हलके, तरी रेषांच्या दिशेने ताठ. एफ-१-डी या आंतरराष्ट्रीय गटात ५५ सेंटिमीटर पंखविस्ताराच्या विमानाचे रबराविना वजन जेमतेम १.४ ग्रॅम! पंखावरचा पडदा पूर्वी घरीच होई. नायट्रोसेल्युलोजच्या द्रावणाचे थेंब पाण्यावर पसरवायचे आणि धरलेली साय तारेच्या कड्याने अलगद उचलायची. तिच्यावर साबणाच्या फुग्यासारखे रंग उमटतात. जाणकार त्यांवरून जाडी ओळखतात. डावा पंख मात्र मुद्दाम लांब ठेवतात. पीळ सुटताना पंख्याच्या उलट ओढीने विमान डावीकडे कलते. लांब पंख जास्त उचल देऊन ते सावरतो. लेखकाचे दोन्ही पंख सारखे होते. विमान दर वेळी डावीकडेच कोसळे, ते बहुधा यामुळेच. (संपा.)