वसंत गोवारीकर : रॉकेटचं इंधन, पावसाचा अंदाज आणि खतांचा कोश

वसंत गोवारीकर यांचा जन्म २५ मार्च १९३३ रोजी पुण्यात झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रा. गार्नर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि काही वर्षं ब्रिटनमध्येच संशोधन केलं. १९६७ मध्ये भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचे प्रमुख विक्रम साराभाई यांच्या बोलावण्यावरून ते केरळमधल्या थुंबा इथल्या अंतराळ केंद्रात रुजू झाले.

तिथं त्यांच्याकडे घन इंधनाचं काम आलं. अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची भुकटी एका चिकट बहुवारिकात कालवायची, साच्यात ओतायची आणि रबरासारखी घट्ट होऊ द्यायची. आत एखादी भेग राहिली तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि रॉकेटचं कवच फुटू शकतं. हे इंधन देशातच तयार व्हावं यासाठी ते झटले. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या रॉकेटनं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक तेच होते.

१९८६ मध्ये ते केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन त्यांच्याच काळात सुरू झाला. हवामान खातं तेव्हा याच विभागाकडे होतं, आणि गोवारीकरांचं नाव खेड्यापाड्यांत पोचलं ते पावसामुळे. १९८७ च्या दुष्काळानंतर, १९८८ पासून, खात्यानं त्यांच्या सोळा घटकांच्या प्रारूपावरून मोसमी पावसाचा अंदाज द्यायला सुरुवात केली. तापमानाचे सहा, वाऱ्याचे तीन, हवेच्या दाबाचे पाच आणि बर्फाच्छादनाचे दोन असे हे घटक होते.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यासारख्या कोरडवाहू भागात अशा अंदाजाचं मोल वेगळंच. इथलं सोयाबीन आणि तूर आभाळाच्या भरवशावर. मिरग लागला की तिफणीची जुळवाजुळव सुरू होते. एक-दोन सरींवर पेरलं आणि पुढं पावसानं ओढ दिली, तर कोंब मातीतच करपतो आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणं आणावं लागतं. प्रारूपाचा अंदाज मात्र साऱ्या देशाचा, जून ते सप्टेंबरच्या एकूण पावसाचा. देशात पाऊस सरासरी गाठत असतानाही मालेगावात पेरणीच्या ऐन दिवसांत उघडीप पडू शकते. मूठभर माती दाबून ओल किती खोल गेली हे पाहणं शेतकऱ्याला चुकलं नाही. तरीही पावसाचा अंदाज आकड्यांत मांडता येतो, हा विश्वास सामान्य माणसाला या प्रारूपानं दिला, आणि ते श्रेय मोठं आहे. २००२ मध्ये अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता. जुलै कोरडा गेला आणि पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला. पुढच्याच वर्षी खात्यानं नवी प्रारूपं स्वीकारली.

१९९५ ते १९९८ ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. निवृत्तीनंतर त्यांनी हाती घेतलेलं मोठं काम पुन्हा शेतीचंच होतं. साडेचार हजारांहून अधिक नोंदींचा खतांचा इंग्रजी कोश २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नत्र, स्फुरद, पालाश यांपासून मातीच्या गुणधर्मांपर्यंतचा पसारा त्यात आवरला आहे. लेखकांच्या नावांत पत्नी सुधा गोवारीकर यांचंही नाव आहे. उतारवयात नवराबायकोनं मिळून केलेलं हे काम रॉकेटइतकं गाजलं नाही, पण चिकाटीत तसूभरही कमी नव्हतं.

२००८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २ जानेवारी २०१५ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, पुण्यात त्यांचं निधन झालं.