हातावरची खूण आणि हातावरचा चेहरा

भाऊबीजेच्या दिवशी नगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात ओवाळणीचे ताट धरलेला म्हातारा हात जरा निरखून पाहावा. मनगटाच्या वर तुळशीवृंदावन, त्याखाली विंचू, बाजूला काळाने हिरवट पडलेले ठिपके, आणि एखादे वेडेवाकडे कोरलेले नाव. त्याच ओसरीवर पाटाची वाट पाहत उभ्या असलेल्या नातवाच्या दंडावर मात्र शिवछत्रपतींचा किंवा बाबासाहेबांचा हुबेहूब चेहरा असायचा. पाहणाऱ्याला वाटते, आजीच्या गोंदणातूनच नातवाचे गोंदण निघाले. पण तसे झालेले नाही. हा चेहरा फार लांबून, आणि तोही तुरुंगाच्या वाटेने आपल्याकडे आला आहे.

आजीचे गोंदण बहुधा जत्रेतले किंवा दारावर आलेल्या गोंदणारणीच्या हातचे. पाथर्डी तालुक्यातील मढीला कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या जमातींचे मोठे मेळे जमतात. गाढवांचा बाजार तर तेथला प्रसिद्धच आहे. अशा यात्रा-बाजारांतून गोंदणाऱ्या बायका बसत. दोनचार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, काजळी पाल्याच्या रसात कालवायची, टोचून झाले की वर हळद लावायची. एवढ्या सामग्रीत चेहरा उमटणे शक्य नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. ज्या नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, त्याचे नाव हातावर असले की पुरे. माणूस गेले की अंगावरचे दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर जाते, अशी जुन्या बायकांची श्रद्धा. खुणेला साम्य लागत नाही. ती कोणी काढून घेऊ शकत नाही, एवढे पुरते.

हे ‘काढून घेणे’ म्हणजे काय, याचे उदाहरण नगरच्याच इतिहासात आहे. १५६५ साली विजयनगरचा पाडाव झाल्यावर हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ आफताबी नावाच्या कवीने ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचले. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. सुलतान त्याच वर्षी वारला आणि राणी खुंजा हुमायून मुलाच्या नावाने कारभार पाहू लागली. १५६९ मध्ये त्याच मुलाने, मूर्तझाने, तिला कैदेत टाकले. पोथीतल्या चित्रांत सुलतानाशेजारी बसलेली राणी बहुतेक ठिकाणी पुसून टाकलेली आहे. कागदावर काढलेली राणीसुद्धा सुरक्षित राहिली नाही; खेड्यातल्या बाईच्या हातावरचे नाव मात्र कोणाला पुसता आले नसते.

मग चेहरा कातडीवर आला कसा? न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली याने ८ डिसेंबर १८९१ रोजी विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. त्याचे मूळ एडिसनच्या विद्युत-लेखणीत होते. तरीही पुढे कित्येक वर्षे गोंदण म्हणजे जाड रेघांची जहाजे, गरुड आणि गुलाबच राहिले. खरा पालट लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील मेक्सिकन वस्तीत झाला. तेथील कैदी कॅसेटयंत्राच्या मोटारीला गिटारची तार जोडून यंत्र बनवीत. सुई एकच, शाई काळी एवढीच. या दारिद्र्यातूनच बारीक रेघ आणि करड्या छायेची कला जन्मली. कारण दूर राहिलेली आई, बायको, मूल यांची तुळशीसारखी खूण त्यांना नको होती, चेहराच हवा होता. १९७५ साली चार्ली कार्टराइट व जॅक रूडी यांनी त्या वस्तीत दुकान थाटले आणि ही रीत बाहेर आणली. १९५६ साली जन्मलेला फ्रेडी नेग्रेटे हा कोवळ्या वयातच बंदिवासात ही विद्या शिकला. सुटल्यावर तो त्याच दुकानात कामाला लागला आणि या धंद्यात नामांकित झाला.

चेहरा गोंदणाऱ्याची खरी परीक्षा काय भरावे यात नसून काय सोडावे यात असते. आधी छायाचित्र निवडायचे. एका बाजूने उजेड पडलेले उत्तम, कारण सपाट उजेडात नाकडोळ्यांना उठाव येत नाही. काळ्या शाईत पाणी घालून तीनचार छटा करायच्या. गडद भाग ठरवायचे आणि उजेडासाठी कातडी कोरी ठेवायची. आपल्या सावळ्या रंगावर तर हे भान फारच हवे. चेहरा लहान काढला तर काही वर्षांत शाई पसरून डोळे मिटल्यासारखे दिसतात. म्हणून जाणता कलावंत अंगठ्याएवढी तसबीर मागणाऱ्याला सरळ नाही म्हणतो. सुई दर वेळी नवी हवी. जत्रेतल्या सामाईक सुयांनी काविळीसारखे रोग पसरू शकत, हे विसरता कामा नये. आता लेसरने गोंदण फिकट करता येते, पण ते काम वेळखाऊ आणि वेदनेचे आहे.

या टिकाऊपणाचे रहस्यही मोठे नवलाचे आहे. शाई कातडीच्या आतल्या थरात काही पेशी गिळून ठेवतात. त्या पेशी मरतात, शाई सांडते, आणि नव्या पेशी ती पुन्हा उचलतात, असे २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. घरातली आठवणसुद्धा अशीच राहते. सांभाळणारे जातात, मागचे उचलून घेतात.

तेव्हा आजीचा चेहरा दंडावर गोंदवून घेऊ पाहणाऱ्या नातवाला एकच सांगणे आहे. छायाचित्र देताना कलावंताला बजावावे, की सुरकुत्या चारदोन कमी आल्या तरी चालतील, पण कपाळावरचा तो हिरवा ठिपका तेवढा सोडू नका.