ब्रिटनची महिला भूमिसेना (१९३९-१९५०) : श्रम आणि दर्जा

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास प्रामुख्याने रणांगणाच्या अंगाने लिहिला गेला आहे. परंतु युद्ध चालविण्यासाठी शस्त्रांइतकीच धान्याचीही गरज असते. युद्धपूर्व ब्रिटन आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक अन्न आयात करीत असे. जर्मन पाणबुड्यांमुळे ही आयात धोक्यात आली आणि दुसरीकडे शेतावरील पुरुष सैन्यात जाऊ लागले. या पार्श्वभूमीवर ‘विमेन्स लँड आर्मी’ अर्थात महिला भूमिसेनेच्या कार्याचा व तिला मिळालेल्या दर्जाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थापना व कार्य :
पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये स्थापन झालेली ही संघटना जून १९३९ मध्ये पुन्हा उभारण्यात आली. लेडी गर्ट्रूड डेनमन या तिच्या मानद संचालिका होत्या. ससेक्समधील त्यांच्या निवासस्थानातूनच मुख्यालयाचा कारभार चाले. नांगरणी, कापणी, मळणी, गाईंचे दूध काढणे, उंदरांचा नायनाट अशी सर्व कामे या स्त्रियांनी केली. १९४२ मध्ये लाकूडतोडीसाठी स्वतंत्र पथक निर्माण झाले. १९४३ मध्ये सदस्यसंख्या ८०,००० च्या वर गेली. यांतील अनेकजणी लंडनसारख्या शहरांतून आलेल्या व शेतीशी पूर्णतः अपरिचित होत्या. प्रारंभी शेतकऱ्यांनी त्यांच्या क्षमतेविषयी शंका घेतली. प्रत्यक्ष कामानेच ती हळूहळू दूर झाली.

दर्जाचा प्रश्न :
संघटनेच्या नावात सेना होती, अंगावर गणवेशही होता. मात्र तिच्या सदस्य सैनिक नव्हत्या. ज्या शेतकऱ्याकडे काम असे, तोच वेतन देई. सुरुवातीस ४८ तासांच्या आठवड्यासाठी किमान वेतन २८ शिलिंग ठरविण्यात आले. ते पुरुष शेतमजुरांच्या वेतनापेक्षा कमी होते. युद्धाचा शेवट दृष्टिपथात येताच या भेदाचे परिणाम अधिक स्पष्ट झाले. सैन्यदले व नागरी संरक्षण सेवेतील स्त्रियांसाठी योजलेल्या युद्धोत्तर लाभांतून भूमिसेना वगळण्यात आली. याच्या निषेधार्थ लेडी डेनमन यांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये राजीनामा दिला.

निष्कर्ष :
युद्ध संपले तरी अन्नटंचाई संपली नव्हती. त्यामुळे ही संघटना ३० नोव्हेंबर १९५० पर्यंत कार्यरत राहिली. हयात सदस्यांना शासनाचे सन्मानचिन्ह मिळण्यास २००८ साल उजाडले. तोवर अनेकजणी काळाच्या पडद्याआड गेल्या होत्या. यावरून असे दिसून येते की, राष्ट्राने गरजेच्या वेळी या स्त्रियांना सेना म्हणून हाक दिली, परंतु मोबदल्याच्या वेळी त्यांची गणना मजुरांतच केली. युद्धकालीन श्रमाचा इतिहास अभ्यासताना उत्पादनाच्या आकड्यांबरोबरच हा दर्जाचा प्रश्नही विचारात घेणे आवश्यक ठरते.