विजयाची मुद्रिका

अलंकाराचे मोल सोन्यावरून ठरते. मुद्रिकेचे मोल मात्र तिच्याशी निगडित असलेल्या स्मृतीवरून ठरते. कालिदासाच्या शकुंतलेची अंगठी पाण्यात पडली, तेव्हा तिचे केवळ सोने गेले नाही, ओळख गेली. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघाच्या खेळाडूंना जी अंगठी देण्यात येते, तीही अशीच ओळखीची खूण होय. हा फुटबॉल भारतात रूढ असलेल्या खेळाहून निराळा. लांबट चेंडू हाती घेऊन धावणे, तो फेकणे आणि प्रतिपक्षाला अंगबळाने अडविणे हे त्याचे स्वरूप.

या अंगठीचा खरा अर्थ ‘ग्रीन बे पॅकर्स’ या संघाच्या इतिहासात सापडतो. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे जेमतेम एक लाख वस्तीचे शहर. 1919 साली कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅलहून यांनी तेथे संघ उभारला. लॅम्बो मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीत नोकरीस होता. गणवेशासाठी त्या कंपनीने 500 डॉलर दिले आणि ‘पॅकर्स’ हे नाव संघाला कायमचे चिकटले.

पुढे लहान गावांतील व्यावसायिक संघ एकामागून एक लयास गेले. ग्रीन बे टिकले, ते धनिकाच्या आश्रयाने नव्हे. 1923 मध्ये गावकऱ्यांनी पाच-पाच डॉलरांचे भाग विकत घेऊन संघाची मालकी आपल्याकडे घेतली. या भागांवर लाभांश नाही आणि ते नफ्याने विकताही येत नाहीत. संघ मोडलाच, तर येणारा पैसा माजी सैनिकांच्या स्थानिक संस्थेकडे स्मारकासाठी जावा, असा मूळ संकेत होता. 1997 पासून तो धर्मादाय निधीकडे जावयाचा आहे. संघ विकून श्रीमंत होण्याची वाटच अशा रीतीने बंद झाली. 1935 आणि 1950 च्या अडचणीत गावाने पुन्हा पदरमोड केली. आज भागधारकांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे.

1929, 1930 आणि 1931 अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे या संघाने मिळविली. पुढे उतरती कळा लागली. 1958 मध्ये बारा सामन्यांत अवघा एक विजय मिळाला. 1959 मध्ये व्हिन्स लोम्बार्डी हा कडक शिस्तीचा प्रशिक्षक आला आणि 1961 ते 1967 या सात हंगामांत पाच अजिंक्यपदे आली. 31 डिसेंबर 1967 रोजी उणे 25 अंश सेल्सिअसच्या थंडीत डॅलसविरुद्धचा सामना झाला. अखेरची काही सेकंदे उरली असता जेरी क्रेमर व त्याच्या सहकाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला मागे रेटले, त्या फटीतून बार्ट स्टारने चेंडू रेषेपार नेला आणि ग्रीन बेने 21–17 अशी बाजी मारली. त्या हंगामाच्या अंगठीवर तीन हिरे आहेत. ते सलग तीन अजिंक्यपदांचे निदर्शक होत.

हर्ब ॲडर्ली या खेळाडूने ग्रीन बेकडून दोनदा आणि पुढे डॅलसकडून एकदा ‘सुपर बोल’ ही अंतिम लढत जिंकली. डॅलसची अंगठी आपण बोटात घालीत नाही, असे तो सांगत असे. हिरे दोन्हीकडे होते. आपलेपणा एकीकडेच होता.

क्रेमरच्या अंगठीची कथा तर शाकुंतलाची आठवण करून देणारी आहे. 15 जानेवारी 1967 रोजी झालेल्या पहिल्या सुपर बोलची त्याची अंगठी 1981 मध्ये विमानप्रवासात हरवली. पंचवीस वर्षे तो तिची प्रतिकृती वापरीत होता. 2006 मध्ये मूळ अंगठी एका लिलावात दिसली आणि त्याला परत मिळाली. मात्र 2016 मध्ये त्याने ती स्वतःच लिलावात काढली. सुमारे सव्वा लाख डॉलर किंमत आली.

त्यात दोष कसला? अंगठी त्याची होती. व्यक्तीच्या मालकीची वस्तू हरवते, सापडते, विकलीही जाते. त्या गारठ्यातील विजय मात्र लिलावात मांडता येत नाही. ज्या संघाने तो मिळविला, त्याला विकून कोणी नफा कमवू नये, ही तजवीज ग्रीन बेच्या नागरिकांनी पहिली हिऱ्याची अंगठी घडण्यापूर्वीच करून ठेविली होती.