क्यूआर-संकेतयुक्त पाठ्यपुस्तक

क्यूआर-संकेतयुक्त पाठ्यपुस्तक : पाठाशेजारी छापलेला चौकोनी संकेत मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचून त्या पाठाची ध्वनिफीत, चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडता येतो, असे शालेय पुस्तक. महाराष्ट्रात त्याची सुरुवात परितेवाडी (ता. माढा, जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत झाली. स्वतः शिकत राहणाऱ्या एका शिक्षकाच्या हातून ती झाली, म्हणून निरंतर शिक्षणाच्या इतिहासात हा प्रयोग मोलाचा आहे.

तंत्र : क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. तो आडव्या व उभ्या दोन्ही दिशांनी माहिती साठवतो. त्यामुळे रेषांच्या बारकोडपेक्षा त्यात पुष्कळ अधिक मजकूर मावतो. तीन कोपऱ्यांतील चौकोनांमुळे तो कोणत्याही बाजूने वाचता येतो. दोषदुरुस्तीच्या चार पातळ्या असून सर्वोच्च पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी संकेत वाचला जातो. वर्षभर दप्तरात वागवलेल्या पुस्तकासाठी हा गुण विशेष उपयोगी आहे. पाठ्यपुस्तकातील संकेतात आशयाचा केवळ पत्ता असतो. आशय दूरच्या संगणकावर राहतो आणि पुस्तक पुन्हा न छापता सुधारता येतो.

परितेवाडीचा प्रयोग : रणजितसिंह डिसले २००९ मध्ये या शाळेत रुजू झाले. तत्पूर्वी अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून ते अध्यापनाकडे वळले होते. शाळेची इमारत तेव्हा मोडकळीस आलेली होती. कविता, गोष्टी, पाठ आणि स्वाध्याय यांचे डिजिटल साहित्य तयार करून त्यांनी त्याचे संकेत पुस्तकांना जोडले. वर्गात ऐकलेला पाठ घरी, पालकांच्या मोबाइलवर पुन्हा ऐकण्याची सोय त्यामुळे झाली. 

प्रसार : २०१७ मध्ये राज्य शासनाने पाठ्यपुस्तकांत असे संकेत छापण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा डिजिटल शिक्षणाचा मंच सुरू झाला. २०१८ मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तशीच घोषणा झाली.

सन्मान : ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना युनेस्कोच्या सहकार्याने वार्की फाउंडेशनतर्फे दिले जाणारे दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. १४० हून अधिक देशांतील १२ हजारांहून अधिक अर्ज व नामांकनांतून ही निवड झाली. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

शिक्षकांचे शिक्षण : ‘निष्ठा’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम ऑक्टोबर २०२० पासून ‘दीक्षा’वर ऑनलाइन उपलब्ध झाला. सेवेतील शिक्षकाला शाळा न सोडता शिकण्याची वाट त्यामुळे मिळाली.

प्रौढ शिक्षण : ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमात (२०२२–२७) १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या निरक्षरांसाठीही मोबाइलवर शिकण्याच्या ॲपची सोय आहे.

मर्यादा : मोबाइल, वीज आणि रेंज यांवर सारे अवलंबून आहे. घरातला एकमेव फोन दिवसभर कामावर गेलेल्या पालकाजवळ असेल, तर मुलाला तो रात्रीच मिळतो. दूरचा आशय काढून टाकला गेला की छापलेला संकेत निरुपयोगी होतो. त्यामुळे आशयाची देखभाल हे शिक्षणयंत्रणेचे कायमचे काम मानले पाहिजे आणि त्यासाठी शिक्षकांना वेळ व प्रशिक्षण मिळत राहिले पाहिजे.